रेघेवर उभा सयाजी

एकदा एक तरुण शिष्य आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मार्गदर्शक झाला. तालीम मूळची कुस्तीची, पण पेठेचा सारा जीव फुटबॉलमध्ये. शिष्यही लाल मातीतच वाढलेला. समोरच्याला अंगाने रेटले की वाट होते, ही त्याची श्रद्धा. म्हणून आक्रमण म्हणजे काय, तर होतील तेवढी माणसे गोलापुढे नेऊन भिडवायची.

या रेटारेटीत गेल्या वर्षीचा अंतिम सामना हातचा गेला. यंदा पेठेतल्या वडीलधाऱ्यांनी स्पष्टच सांगितले, "हाही गेला, तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालू."

अंतिम सामन्याचा पूर्वार्ध तसाच गेला. गोलापुढे नुसती झुंबड. मध्यभागी सयाजी, तालमीचा हुकमी गोल करणारा. त्याच्याभोवती आपलेच सवंगडी आणि प्रतिपक्षाची सारी बचावफळी. चेंडू पायांच्या गर्दीत अडकून मागे येई. एकदा तर तो निसटून आपल्याच रिकाम्या अंगणात गेला आणि गोलरक्षकाने जिवावर उदार होऊन अडवला.

मध्यंतरात शिष्य धावत लिंबाखाली बसलेल्या वृद्ध वस्तादांकडे गेला. खेळ त्यांनीच त्याला शिकवलेला.

"वस्ताद, आता तुम्हीच काय ते बघा. आईनं तर देवीला नैवेद्य बोललाय."

"देवीला कशाला भरीस घालतोस लेका? चल."

वस्ताद हळूहळू उठले. त्यांनी सयाजीचे मनगट धरले आणि त्याला थेट कडेच्या, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघेवर नेऊन उभे केले.

"हितं टाच ठेव. चेंडू मिळो न मिळो, आत यायचं नाही."

सयाजीचे डोळे भरले. "माझं काय चुकलं, वस्ताद?"

"काही नाही. म्हणूनच तुला ठेवतोय."

दुसऱ्या रेघेवर एक चपळ गडी. मध्ये पुढे एकटाच. त्याला सांगितले, चेंडू आपल्याकडे आला की तू उलटा मागे सरक. चौघे घर राखायला, उरलेले तिघे मधल्या फळीत. शिष्याला काही उमजेना, पण गुरूंचा शब्द त्याने मोडला नाही.

खेळ सुरू होताच प्रेक्षकांतून आरोळी आली, "वस्ताद, हुकमी एक्क्याला फक्की राखायला बसवलाय व्हय?" हशा पिकला. शिष्याने मान खाली घातली.

वर पाहिले, तेव्हा त्याला एक नवल दिसले. सयाजीच्या धाकाने प्रतिपक्षाचे दोघे त्याच्यामागे रेघेपर्यंत गेले होते. दुसऱ्या कडेलाही तेच. इतक्यात मधला गडी मागे सरकला आणि त्याच्यावर डोळा ठेवणारा त्याच्यामागे ओढला गेला. गोलापुढे, जिथे मुंगीला वाट नव्हती, तिथे आता अंगण मोकळे! मधल्या फळीतला एक अबोल खेळाडू त्या अंगणात धावत शिरला, मागून आलेला चेंडू त्याने पायावर घेतला आणि अलगद जाळीत सोडला.

तेवढ्या एका गोलावर सामना जिंकला. शिष्य धावत वस्तादांकडे गेला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"वस्ताद, सयाजीच्या पायाला चेंडू लागला नाही, तरी गोल कसा झाला?"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "बाळा, कुस्तीत समोर एक असतो, रेटून चालतं. इथं समोर फळी असते. तिला जितकी रेटशील तितकी ती घट्ट होते. पण कापड दोन्ही कडांनी ताणलं, की मधली वीण आपोआप विरळ होते. मात्र कड धरायला भरवशाचाच माणूस लागतो. ज्याचं भय नाही, त्याच्यामागे कोण जाईल? सयाजीनं गोल केला नाही, गोलाला जागा केली."

संध्याकाळी सारा संघ देवळात गेला. गुलालाने माखलेली ती पोरे हर्षाने गाभाऱ्याच्या दारातच दाटली. मागून शिष्याची आई नवसाच्या नैवेद्याचे ताट घेऊन आली, तर पाऊल टाकायला जागा नाही.

सर्वांत आधी सयाजी बाजूला झाला, पाठ भिंतीला लावून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "या काकू. आज माझी जागा कडेलाच हाय."

समोरच्या भिंतीशी शिष्य सरकला. मध्ये वाट झाली, आणि ताट देवीपुढे पोहोचले.