शेंड्यांना लागलेला हात

वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. ताई वारल्यापासून केतकी स्वतःच केस धुवायची. कंडिशनर ती तेलासारखं टाळूवर चोळायची. त्यामुळे मुळं चिकट झाली आणि शेंडे खराट्यासारखे राठ.

“कापूनच टाकते मेल्यांना,” कात्री म्हणाली.

“नको गं!” शेंडे कळवळले. “ताई वेणी घालायची तेव्हा आम्ही होतो. मुळांकडचे केस नंतर आले.”

फणीने कंडिशनरच्या बाटलीला विचारलं, “टाळूवर काय करतेस? खाली जा की.”

“तेल टाळूलाच लावतात ना?”

“तू तेल आहेस का, वेडाबाई?”

पुढच्या न्हाणाला बाटली मुद्दाम निसटली आणि शेंड्यांवर सांडली. केतकीने कंडिशनर तिथेच चोळलं, जरा थांबून धुतलं. फणी न अडता खाली उतरली. कात्रीने आपली पाती मिटून घेतली.

केतकीने वेणी पुढे घेतली आणि मऊ शेंडे गालाला लावले.