पवित्र गुरुवारची परात

“आधी त्याने माफी मागायला नको का, फादर?”

बस्त्यावने पुन्हा तेच विचारलं. म्हातारे फादर इजिदोर वेदीमागच्या खोलीत पितळी परात चिंचेने घासत बसले होते.

पवित्र गुरुवारची दुपार होती. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, फादर याच परातीत गावातल्या बारा जणांचे पाय धुणार होते, येशूने शिष्यांचे धुतले तसे. शेजारी परात धरून उभं राहण्याचा मान दरवर्षी बस्त्यावचा. यंदा त्या बारांत त्याचा धाकटा भाऊ पास्कू होता.

“त्याला काढा, नाहीतर मी परात धरणार नाही.”

फादर घासत राहिले.

“उपवासकाळ कसा गेला तुझा?”

बस्त्यावची छाती जरा फुगली. “राखेच्या बुधवारपासून मासळीला शिवलो नाही. मटण नाही, ताडी नाही. चहासुद्धा सोडला.”

वसईच्या माणसाने मासळी सोडणं ही काही चेष्टा नव्हे. घरात बोंबील तळायला घेतले की हा गडी उठून अंगणात जाऊन बसे. रस्त्यावरून जाणाऱ्याला नीट दिसेल अशा जागी बसे, हेही सांगायला हवं.

“चहा सोडल्यावर डोकं दुखलं असेल.”

“दुखलं ना. मग सवय झाली.”

“पास्कूशी न बोलण्याचीही झाली?”

बस्त्यावने मान दुसरीकडे वळवली.

“आई त्याच्याकडे होती, फादर,” तो म्हणाला. “शेवटच्या रात्री तिने माझं नाव घेतलं. दोन केळीच्या वाड्या ओलांडल्या की माझं घर. यानं मला उठवलं नाही. आई गेली हे मला देवळाच्या घंटेनं कळलं.”

त्याचा आवाज चिरकला. ढोंग त्यात तिळभर नव्हतं. आईची आठवण निघाली की हा आडदांड माणूस अजून लहान मुलासारखा व्हायचा.

“मी काही दगड नाही. क्षमा करीन. पण त्याने एकदा येऊन म्हणावं... दादा, चुकलो.”

फादरांनी परात धुतली, पुसली, बाकापाशी ठेवली. तांब्याने तिच्यात पाणी ओतलं.

“इतकी वर्षं पाय धुतोय,” ते म्हणाले, “पण मळलेला पाय अजून पाहिला नाही. सगळे घरूनच घासून येतात. नखं कापून, टाचा दगडाने चोळून. गेल्या वर्षी तुझ्या सासऱ्यांनी पावडर लावली होती.”

बस्त्यावला हसू आलं. “मग काय फादर, तुमच्यापुढे चिखलाचे पाय करायचे?”



तेवढ्यात दारात पास्कू आला. वेदीसाठी फुलांची टोपली घेऊन. वाडीला पाणी लावता लावता तसाच निघाला होता, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आत भाऊ दिसताच तो उंबऱ्याबाहेरच थबकला.

“फादर, फुलं.”

“ये, बस बाकावर.”

“पाय घाण आहेत.”

“दिसतंय. बस.”

पास्कू बसला. टोपली मांडीवर घट्ट धरून त्याने भावाकडे पाहिलं. ओठ हलले... शब्द काही फुटला नाही.

फादरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून बस्त्यावच्या हातात दिला.

“तू धू.”

“मी?”

“माझे गुडघे दुखतात.”

बस्त्यावने एक गुडघा टेकला. पास्कूने घाबरून पाय मागे ओढले. बोटांच्या बेचक्यांतून काळा चिखल ओघळत होता. बस्त्याव तो पाहत राहिला... आणि पुन्हा उभा राहिला.

“धुतो, फादर. तुमचा शब्द मोडत नाही. पण आधी त्याला नळावर पाठवा. पाय स्वच्छ करून येऊ दे, मग धुतो.”

फादरांनी परातीतल्या पाण्याकडे पाहिलं, मग बस्त्यावकडे.

“तो धुऊन आला, तर तू काय धुणार?”