दोनशे पानं आणि एक शेला

दर आठवड्याला दोनशे विद्यार्थी देवराईत न्यायचे असा महाराजांचा हुकूम सुटला, आणि सगुणाची झोप उडाली. तिचा बाप त्या देवराईचा राखणदार. गावाने तिथली वाळकी काटकीसुद्धा कधी चुलीला लावली नव्हती.

पहिली सहल नुकतीच होऊन गेली होती. विषय होता, निसर्गाला धक्का न लावता प्रवास कसा करावा! तो शिकवायला दरबारचे पंडित नीळकंठशास्त्री आले अकरा बैलगाड्या, दोन तंबू आणि एक हलवाई घेऊन. तीन तास भाषण झालं. शेवटी शास्त्रीबुवा म्हणाले, "आपण वनाचं रक्षण केलं, याचा पुरावा म्हणून प्रत्येकाने एकेक पान तोडून वहीत चिकटवा." संध्याकाळी खालच्या फांद्या बोडक्या झाल्या होत्या.

सगुणा तडक दरबारात गेली.

"म्हाराज, ही सहल थांबवा. देवराई उजाड व्हईल."

"एका पानाने देवराई उजाड होते?" महाराज हसले. "पोरी, पोरांनी एकेकच पान घेतलं ना?"

"एकेकच, पर..."

"पुरे! शास्त्रीबुवांची भाषणं ऐकून माझे कान किटलेत, त्यात तुझं नको. परवा पौर्णिमेचा दरबार आहे. एका पानाने काय बिघडतं ते तिथे मला पटवून दे. मात्र एक शब्द बोललीस, तर हरलीस. मग सहलीही चालू राहतील आणि तुझ्या बापाची राखणही जाईल."

शास्त्रीबुवांना हे फार आवडलं. न बोलता काही पटवता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सगुणा घरी आली ती रडकुंडीला येऊन. पण रात्रभर डोकं चालवून सकाळी तिने गाव गोळा केलं.

पौर्णिमेच्या दरबारात कुणीही यावं आणि महाराजांच्या शेल्याच्या पदराला हात लावून जावं, अशी तिथली जुनी चाल. शेला जरीचा, महाराजांच्या आजोबांचा. त्या दिवशी दोनशे माणसांची रांग लागली. सगळ्यांच्या पुढे सगुणा. तिने मुजरा केला, पदराला हात लावला, टोकाचा एक धागा ओढून घेतला आणि बाजूला उभी राहिली.

मागून एक म्हातारी आली. तिनेही एक धागा ओढला.

"हे काय, आजी?"

"आठवन म्हनून नेते, म्हाराज. येकच हाय."

महाराज सुखावले. शास्त्रीबुवा पुटपुटले, "काय हे प्रजेचं प्रेम!"

तिसरा आला, तेरावा आला, तिसावा आला. जो तो अदबीने वाकायचा आणि एकच धागा न्यायचा. साठावा माणूस वाकला तेव्हा महाराजांची नजर खाली गेली. वीतभर पदर गायब!

"थांबा! माझ्या आजोबांचा शेला कुणी उसवला?"

साठ जणांनी मुठी उघडल्या. प्रत्येकीत एकेक धागा.

"शिक्षा तरी कुणाला करू?" महाराज ओरडले. "प्रत्येकाने तर एकेकच..."

आणि ते तिथेच अडखळले. त्यांनी सगुणाकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून दाराकडे बोट केलं. रांग पार वेशीपर्यंत गेली होती.

महाराजांनी उसवलेला पदर हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "जिंकलीस. आता बोल. या उरलेल्या लोकांचं काय करायचं?"

"आज दमला असाल तर ऱ्हाऊ द्या, म्हाराज," सगुणा म्हणाली. "पुढच्या आठवड्याला पुन्ना येऊ की. दर आठवड्याची सहलच हाय ही!"

महाराज असे हसले की सिंहासन हललं. हुकूम तिथल्या तिथे फिरला. वर्षातून एकदा, बारा विद्यार्थी, पायी, रिकाम्या हाताने. शिकवणार सगुणा. तेरावे विद्यार्थी शास्त्रीबुवा.

मग महाराजांनी खांद्यावरचा शेला काढून सगुणाच्या हाती दिला.

"हा तूच ने, पोरी. माझ्याकडे राहिला तर लोक प्रेमाने संपवतील."