यातलं खरं कोणतं?

"...मग यातलं खरं कोणतं, बाईजी?"

हर्षदा विचारत होती आणि विचारता विचारता ओसरीवर येरझारा घालत होती. या टोकाला गेली की वळायची, त्या टोकाला गेली की वळायची.

मठातल्या वृद्ध संन्यासिनीला सगळे बाईजी म्हणत. बाईजी खांबाला टेकून मेथी निवडत होत्या. त्यांनी तिला एकदा "बस" म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं नाही.

"कशातलं खरं?" त्यांनी विचारलं.

"लोक म्हणतात, त्या बाळंतपणाने मला घडवलं. मलाही तसंच वाटतं. पूर्वी डॉक्टरांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. घरातले सांगतील ते ऐकायचं, एवढंच ठाऊक. मग लेकीच्या, कस्तुरीच्या वेळी रक्त थांबेना... गर्भपिशवी काढली तेव्हा कुठे जगले. तिथून उठले ती वेगळीच बाई होऊन. तालुक्यात रक्तदात्यांचा गट उभा केला. सभेत बायकांसमोर बोलते. आता मी कुणाला भीत नाही."

"चांगलं झालं."

"कसलं चांगलं! काल स्वयंपाकघरात ताट पडलं. कस्तुरीला तिथेच सोडून मी अंगणात पळाले. सासूबाई बघतच राहिल्या... आज इथे येतानाही दवाखान्यावरून येववेना. कालव्याच्या बाजूने वळसा घालून आले."

सरकारी दवाखाना मठाला लागूनच होता. मधे फक्त एक भिंत.

बाईजींनी एक पिवळं पान बाजूला टाकलं.

"रविवारी पुन्हा सभा आहे," हर्षदा म्हणाली. "तिथे उभी राहून काय सांगू? घडले ते खोटं म्हणू, की मोडले ते? तुम्ही मला काहीतरी द्या. मंत्र द्या, नाम द्या. ही भीती तेवढी काढून टाका."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझं आहे. ते मी कमावलंय."

बाईजींनी मेथीची दुसरी जुडी सोडली. हर्षदा आणखी एकदा टोकापर्यंत जाऊन आली.

"बोला ना, बाईजी..."

"त्या कडेच्या खोलीत सगुणा नावाची मुलगी आहे," बाईजी म्हणाल्या. "तिचं बाळ पलीकडे काचेच्या पेटीत ठेवलंय. बाळापाशी तिची आई थांबलीय आणि हिला आराम कर म्हणून इकडे पाठवलंय. पण ती बाळंत झाल्यापासून धड झोपलेली नाही. जा, तिच्याशी बोल."

"आणि माझं उत्तर?"

"मेथी निवडून होऊ दे."

हर्षदाला राग आला. पण बायकांशी बोलणं हे तर तिचं रोजचं काम. ती तरातरा खोलीत गेली.

सगुणा भिंतीला पाठ लावून बसली होती. कानाला रुमाल बांधलेला, डोळे सताड उघडे.

हर्षदा उभ्यानेच बोलू लागली. सभेत बोलायची तसंच. बाईच्या अंगात केवढी ताकद असते, संकटातून माणूस कसं उजळून निघतं, आपणही त्यातून कशा गेलो. शब्द पाठ झाल्यासारखे येत होते. सगुणा मान हलवत होती. तिला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे.

मधेच तिने विचारलं, "ताई, हे जातं का?"

"काय?"

"डोळे मिटले की मी पुन्हा त्याच टेबलावर असते... ते जातं का?"

'जातं, मन घट्ट केलं की जातं.' हर्षदाच्या ओठांवर आलंच होतं.

इतक्यात भिंतीपलीकडे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला.

हर्षदा दचकून दारापाशी गेली. सगुणानेही अंग चोरून गुडघे पोटाशी घेतले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

दार उघडंच होतं. समोर ओसरी होती, ओसरीपुढे कालव्याची वाट.

...ती परत आत आली आणि खाली बसली.

"माझं अजून गेलेलं नाही," ती म्हणाली.

सगुणाने पोटाशी घेतलेले गुडघे सोडले.

"म्हणजे मला वेड नाही लागलं?"

"नाही गं."

"घरचे म्हणतात, बाळ जगलंय ना, मग रडतेस कशाला..."

"मलाही म्हणाले होते."

"आणि तरी तुम्ही लेकराचं सगळं करता? फिरता, बोलता?"

"करते. ...कधी कधी पळूनही जाते. मग परत येते."

सगुणाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. हर्षदाने सभेतलं एकही वाक्य उच्चारलं नाही. सगुणा तुटक तुटक सांगत गेली. टेबल, दिव्याचा उजेड, कुणीतरी ओरडलेलं, बाळाचा न आलेला आवाज... हर्षदा ऐकत गेली. ऐकताना तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिने पुसलं नाही.

बोलता बोलता सगुणा कलंडली. हर्षदाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

ऊन खिडकीतून खाली उतरलं. पलीकडे गाड्यांचे, भांड्यांचे, माणसांचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला हर्षदाची नजर दाराकडे जात होती. मांडीला मुंग्या आल्या होत्या. उठावं, पाय मोकळे करावेत, निघून जावं, असं तिला शंभरदा वाटलं.

बाईजी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाईजी," हर्षदा कळवळून म्हणाली, "मी हिला धीर द्यायला आले होते. आणि माझ्याकडची भीतीच तेवढी देऊन बसले. असं कसं झालं? मी बरी झालेय की नाही, एवढं तरी सांगा..."

बाईजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."