मुहूर्त चाळीस किलो

एका बाजारपेठेच्या गावात एक भोळा कारकून होता, हणमंत. बसवंतशेठांच्या मसाल्याच्या पेढीवर तो कॉम्प्युटर चालवायचा. दुकानोदुकानच्या मागण्या एकत्र करून चिठ्ठ्या छापणारा एक प्रोग्रॅम होता. त्याला एका ओळीत हुकूम द्यायचा : पहिला माल, दुसरा माल, ठिकाण, वजन.

हणमंताने ठिकाणाच्या जागी वजन टाइप केलं. टेम्पो दिवसभर ‘चाळीस’ नावाचं गाव शोधत फिरला.

शेठ म्हणाले, “हणमंता, हे सगळं एका फाइलीत लिहून ठेव. हुकमात नुसतं फाइलीचं नाव दे. आतलं तो बघून घेईल.”

“बरं शेठ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठांनी त्याला हॉटेलात खायला आणायला पाठवलं.

“काय देऊ?”

“न्याहारी.”

“अहो, न्याहारीत काय?”

“आतलं तुम्ही बघून घ्या.”

हॉटेलवाल्याने आत बघितलं. कालची भजी होती. ती बांधून दिली.

“अरे शहाण्या,” शेठ ओरडले, “नुसतं नाव काय सांगतोस? आत काय हवं ते बोलावं!”

“बरं शेठ.”

मग त्याने फाइल उघडून आतलं सगळं पुन्हा हुकमात टाइप केलं, वजन परत ठिकाणाच्या जागी. टेम्पो पुन्हा ‘चाळीस’ला निघाला.

शेठांनी कपाळाला हात लावला. “प्रोग्रॅमला फक्त ‘रोज’ म्हणायचं. आपल्या फाइलीचं नाव ‘रोज’. आभाळ कोसळलं तरी ‘रोज’च! आणि छापून आलं की डोकं चालवायचं नाही. लिहिलंय तिथे मुकाट जायचं.”

“बरं शेठ.”

महिनाभर सगळं सुरळीत. मग हणमंताचं लग्न ठरलं. चौतिसाव्या वर्षी, सहा नकार पचवून. मुलगी तासगावची, यमुना.

“हे स्थळ घालवू नकोस हं,” शेठ म्हणाले. “पत्रिका आपल्याच प्रोग्रॅमवर काढ. दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या याद्या तो जोडेल.”

पत्रिकेलाही चारच जागा होत्या : वर, वधू, ठिकाण, मुहूर्त. हणमंताने नवी फाइल केली. तीनदा तपासली. एक चूक नाही. नाव दिलं ‘लग्न’. मग प्रोग्रॅमला हुकूम दिला, ‘रोज’.

पत्रिका घरोघर गेल्या :

*वर : गोडा मसाला. वधू : लाल तिखट. ठिकाण : विट्याचं दुकान. मुहूर्त : चाळीस किलो.*

लोकांना वाटलं, शेठांनी जाहिरात काढली. लग्नाचा दिवस सगळ्यांना तोंडपाठच होता. सगळे तासगावच्या मांडवात जमले. नवरदेवाचा पत्ता नाही.

यमुनाच्या वडिलांनी फोन लावला. “जावईबापू, आहात कुठे?”

“विट्याला, मामा. पत्रिकेत तसंच आहे.”

“अहो, पत्रिका तुम्हीच काढलीत ना?”

“म्हणून तर खात्री आहे.”

“भटजी खोळंबलेत! मुहूर्त टळतोय!”

“टळत नाही मामा, घाबरू नका,” हणमंत शांतपणे म्हणाला. “मी काट्यावरच बसलोय. अजून बासष्ट भरतोय.”