हलकाऱ्याचा निरोप

एका खाडीच्या आत एक गाव होतं. गावापासून सात कोसांवर, खाडी समुद्राला मिळते तिथे, टेहळणीचा बुरूज होता. चाच्यांची गलबतं दिसली की बुरुजावरचा हलकारा निरोप घेऊन गावाकडे पळत सुटे. गलबतांना आत शिरायला भरतीची वाट पाहावी लागे, तेवढ्या वेळात माणसं डोंगरावर जात. साऱ्या गावाचा जीव त्या एका गड्याच्या पायांवर होता म्हणा ना.

एका वर्षी चैत्रात हलकाऱ्याची जागा रिकामी झाली आणि घाटावरून सुभानजी नावाचा गडी चाकरीला आला. माणूस उमदा, पण नाकावर माशी बसू देत नसे. माळरानावर भर उन्हात त्याने दहा-दहा कोस एका दमात तोडले होते. वाटेत पाण्याला थांबणं तिकडचे हलकारे कमीपणाचं समजत, आणि सुभानजी तर आयुष्यात कधी थांबलाच नव्हता.

नव्या हलकाऱ्याला तयार करायचं काम म्हाताऱ्या धाकोजीकडे असे. त्याची रीत ठरलेली. पंधरा दिवस रोज दुपारी पळायचं, पण सावकाश. आधी एकच कोस, मग दीड, मग दोन. दर कोसाला झाडाखाली मडकी ठेवलेली असत. तिथे थांबून मीठ घातलेली पेज प्यायची, डोक्यावर पाणी ओतायचं आणि मगच पुढे निघायचं. परत आल्यावर धाकोजी मनगट धरून नाडी बघे. नाडी फार उडत असली, की दुसऱ्या दिवशी अंतर वाढत नसे.

सुभानजीला हा सगळा पोरखेळ वाटला.

"आबा, आमच्याकडे याच्या दुप्पट ऊन असतं," तो म्हणाला. "पेज प्यायला मी काय आजारी आहे?"

"ऊन इथे कमीच आहे," धाकोजी म्हणाला. "पण तिकडे तुझा घाम वाळतो आणि अंग निवतं. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, ताप आतच कोंडतो. तुझ्या अंगाला हे अजून ठाऊक नाही. त्याला पंधरा दिवस दे."

सुभानजीने सहा दिवस दिले. सहाव्या दिवशी दोन कोसांवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. उलट सातव्या दिवशी पहाटेच तो बुरुजाचा कारभार बघणाऱ्या किल्लेदारापुढे उभा राहिला आणि गारव्यात तीन कोस असा पळाला, की किल्लेदार बघतच राहिला. जागा त्याला तिथल्या तिथे मिळाली.

"साहेब, चाचे काही पहाट बघून येत नाहीत," धाकोजी हात जोडून म्हणाला.

"आबा, तुमचे पाय थकले म्हणून सगळ्यांचे थकत नाहीत," सुभानजी बोलून गेला. बोलल्यावर त्याला वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ वळली नाही.

चारच दिवस गेले असतील. वैशाखाची दुपार होती. आभाळ भरून आलेलं, पण वारा पडलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. समुद्रावर पाच शिडं दिसली. टेहळ्याने सुभानजीला निरोप दिला, "पाच गलबतं आहेत. या खेपेला आधी मिठागराकडे वळताहेत. तिथली माणसं पहिल्यांदा हलवा." सुभानजीने तो दोनदा म्हणून दाखवला आणि निघाला.

पहिला कोस कसा सरला ते त्याला कळलंही नाही. तिसऱ्या कोसाला धोतर घामाने पायांना चिकटायला लागलं. चौथ्या मडक्यापाशी पाय आपोआप थांबले. एक घोट घेतला असता तर कोण बघणार होतं तिथे? पण सुभानजी स्वतः बघत होता ना. त्याने पाय पुढे रेटले. पाचव्या कोसाला घाम थांबला आणि अंगावर शहारा आला. आता कुठे इथली हवा मानवली, असं त्याला वाटलं आणि तो मनात खूश झाला.

आजवर कुणीही आलं नव्हतं इतक्या लवकर तो गावात पोहोचला. माणसं धावली. सुभानजी ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वऱ्हाड उद्या निघतंय. गाड्या वेशीबाहेर सोडा."

तो निरोप दोन वर्षांपूर्वीचा, घाटावरच्या चाकरीतला होता. एवढं बोलून तो कोसळला.

धाकोजीने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं होतं. "हा शुद्धीत नाही," तो म्हणाला. "आधी पाणी ओता याच्यावर. आणि भर दुपारी बुरुजावरून कुणी वऱ्हाडासाठी पळत नाही. सगळे डोंगरावर चला."

गाव डोंगरावर गेलं. बेशुद्ध सुभानजीला चौघांनी उचलून नेलं. मिठागर खाडीच्या पलीकडे होतं आणि चाचे तिकडे कधीच वळले नव्हते, म्हणून तिकडे कुणी गेलं नाही. तिथे त्या दिवशी बावीस माणसं मीठ ओढत होती. चाच्यांनी बावीसच्या बावीस धरून नेली. त्यांत धाकोजीची एकुलती एक लेक होती.

तिसऱ्या दिवशी सुभानजीने डोळे उघडले. धाकोजी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता. सुभानजी धडपडत उठून बसला आणि निरोप म्हणू लागला, "पाच गलबतं आहेत. या खेपेला आधी मिठागराकडे वळताहेत. तिथली माणसं पहिल्यांदा हलवा." एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

धाकोजीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आबा, वेळेत पोहोचलो ना मी?" सुभानजीने विचारलं.

"तू पोहोचलास," धाकोजी म्हणाला. "निरोप आत्ता पोहोचला." आणि पट्टी पुन्हा भिजवायला तो उठला.

तात्पर्य: परक्या हवेत अंग रुळेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. अंगावर जबाबदारी असलेल्याने आपल्या घमेंडीसाठी घाई केली, तर ती ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला त्यांना भोगावी लागते.