दोरी आत घेणारा हात

फार जुन्या काळची ही गोष्ट. इतक्या जुन्या काळी इंजिन कुठून आलं, असं विचारणारे विचारतीलच. त्यांनी खुशाल विचारावं. गोष्टीत इंजिन होतं आणि ते दोरी ओढून सुरू व्हायचं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

खाडीकाठी एक गाव होतं. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खोलात, आणि मधे मातीचा बांध. मोठं उधाण आलं की बांधावरून खारं पाणी शेतात उतरायचं. ते तसंच तुंबून राहिलं तर जमीन खारी होणार आणि मग तिथे वर्षानुवर्षं भात सोडा, गवतही उगवणार नाही. म्हणून गावानं बांधावर एक लहानसं इंजिन बसवलं होतं. शेतातलं पाणी उपसून ते परत खाडीत टाकायचं. गावाच्या तोंडचा घास त्या इंजिनाच्या जिवावर होता.

इंजिनाच्या अंगाला एक पत्र्याची डबी होती. तिच्यात कप्पीवर गुंडाळलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला लाकडी मूठ. मूठ धरून हिसका दिला की इंजिन धडधडू लागे. मग डबीतली कमान, म्हणजे गोल गुंडाळलेली पोलादी पट्टी, ओढलेली दोरी परत आत खेचून घेई.

दोरी ओढायचा मान दोन भावांतल्या थोरल्याचा. उधाणाच्या दिवशी सारा गाव बांधावर लोटायचा, ढोल वाजायचा. थोरला बाह्या सारून पुढे यायचा, एका हिसक्यात इंजिन सुरू करायचा आणि पाटील त्याच्या गळ्यात हार घालायचे. धाकटा शेजारीच उभा असायचा. इंजिन सुरू झालं की भावाच्या हातातली मूठ घ्यायची आणि दोरी सावकाश आत जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. उधाण ओसरलं की तो डबी पुसायचा, दोरी विरली असेल तर बदलायचा. त्याच्याकडे कुणी बघत नसे. खरं सांगायचं तर थोरलाही बघत नसे.

एका वर्षी ओढल्यावर थोरल्याच्या हातातून मूठ निसटली. दोरी सपकन आत गेली आणि मूठ डबीवर खाडकन आपटली. लोकांना त्या आवाजाची भारी गंमत वाटली. पुढच्या उधाणाला सगळे तोच आवाज मागू लागले. थोरल्यानं मूठ मुद्दाम सोडून दिली, आणि त्या दिवशी टाळ्या दुप्पट पडल्या. त्याला वाटलं, आपल्या मनगटाचा जोर आज कुठे लोकांना कळला.

धाकट्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की दोरी डबीच्या तोंडाशी घासून विरते आहे आणि आतली कमान ज्या आकड्यानं कप्पीला अडकवलेली आहे, तो आकडा प्रत्येक दणक्याला सुटायला बघतो आहे. थोरल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा पुढच्या खेपेला धाकट्यानं सगळ्यांसमोर मूठ धरण्यासाठी हात पुढे केला.

थोरला संतापला. "तुझ्या गळ्यात कुणी हार घालत नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय," तो म्हणाला.

गाव खो खो हसलं. धाकट्यानं हात मागे घेतला. चार दिवसांनी तो बायकोला घेऊन खाडीपलीकडे सासुरवाडीला राहायला गेला. थोरल्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण गळ्यात ताजा हार असला की वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही.

त्यानंतर दोरी नीट आत जाईना. आधी वीतभर बाहेर राहायची, मग हातभर लोंबू लागली. डबी उघडून बघावी, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. कुणी म्हणे तेल वाईट आहे, कुणी म्हणे कुणाची तरी दृष्ट लागली. तेल बदललं, नारळ फोडला. शेवटी पाटलांनी निकाल दिला की जोरच कमी पडतो आहे. हे मात्र सगळ्यांना पटलं, कारण त्या गावात जोराखेरीज दुसरं काही कुणाला दिसतच नव्हतं.

मग वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण आलं. भर दुपारी खारं पाणी बांधावरून शेतात उतरू लागलं. थोरल्यानं दोरी ओढली, इंजिन नुसतं उसासलं. दोरी परत आत गेलीच नाही, त्यामुळे पुन्हा ओढायला काही उरलं नाही. थोरल्याच्या मागे दोन गडी उभे राहिले आणि तिघांनी मिळून हिसका दिला. मूठ दोरीच्या तुकड्यासकट त्यांच्या हातात आली.

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं डबीचं झाकण पहारीनं उचकटलं. कमानीचा आकडा तुटला होता, पण गुंडाळी आत दबूनच बसली होती. अशी कमान हातानं धरून हळूहळू सैल करावी लागते. धाकट्याला ते माहीत होतं, आणि धाकटा खाडीपलीकडे होता. झाकण निघताच पट्टी उसळून बाहेर आली आणि थोरल्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तोडून गेली.

उधाणात खाडी ओलांडायला नाव घालणं शक्य नव्हतं. पाणी शेतात तुंबून राहिलं. बायका बांधावर बसून आपलं भात कुजताना बघत राहिल्या. ढोल कुणी तरी गुपचूप घरी नेऊन ठेवला.

खाडी शांत झाल्यावर थोरला हाताला फडकं बांधून भावाच्या दारात गेला. काही बोलावंही लागलं नाही. धाकट्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि नावेत येऊन बसला. बांधावर त्यानं कमानीचं टोक तापवून नवा आकडा वळवला, पट्टी गुंडाळून डबीत बसवली, नवी दोरी भरली. घटकाभराचं काम. मग त्यानंच दोरी ओढली आणि मूठ हातात धरूनच परत आत जाऊ दिली. पाणी उपसलं गेलं. खालून जमीन वर आली ती मिठानं पांढरी पडलेली.

"मला चार शिव्या तरी दे रे," थोरला म्हणाला.

"शिव्या देऊन काय होणार, दादा? कमान बसवता आली, बसवली. जमिनीतलं मीठ काढणं माझ्या हातात नाही."

थोरल्यानं त्याला थांबायची विनवणी केली. धाकट्यानं पिशवी खांद्याला लावली आणि तो नावेकडे निघून गेला.

खालची शेती त्या वर्षी संपली. अर्धं गाव पोटासाठी परगावी गेलं. उरलेल्यांची मदार वरच्या थोड्या वाफ्यांवर राहिली. थोरल्याची बोटं पुन्हा मिटली नाहीत, म्हणून गावानं नवा मानकरी निवडला. चांगला धिप्पाड गडी होता.

पुढच्या उधाणाला ढोल पुन्हा बाहेर आला. नव्या मानकऱ्यानं हिसका दिला, इंजिन धडधडलं. थोरल्यानं मूठ धरायला आपला अधू हात पुढे केला आणि दोरी सावकाश आत घे म्हणून त्याला विनवलं.

"बाजूला व्हा, दादा. तुमचे दिवस गेले," असं म्हणून त्या गड्यानं मूठ सोडून दिली.

खाडकन आवाज झाला. गावानं टाळ्या पिटल्या आणि पाटील हार घेऊन पुढे आले. थोरला बांधाच्या कडेला उभा राहून रडला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच, की ओढणाऱ्याला हार घालून दोरी जपणाऱ्याला जो हसतो, त्याच्या हाती ऐन वेळी नुसती मूठ उरते.